बोटीआधीच्या रात्री : सोलापूर ते हुलहुमाले

सफारी बोटीवरचा, म्हणजे पाठीला हवेची टाकी लावून पाण्याखाली डाइव्ह करत बोटीवरच राहण्याचा, आठवडा कसा जाणार हे बोटवाले ठरवतात. उठायचे कधी, पाण्यात उतरायचे कधी, जेवायचे कधी, हे सगळे जेवणघराशेजारच्या पांढऱ्या फळ्यावर लिहिलेले असते आणि प्रवाशाने फक्त फळा वाचायचा असतो. आपल्या हातात उरते ती एवढीच गोष्ट, की बोटीवर चढण्याआधी मुक्काम कुठे करायचा. मी, माझा धाकटा भाऊ आणि भावजय असे तिघे जानेवारीत, गड्ड्याची यात्रा आटोपल्यावर, मालदीवच्या अशाच एका डायव्हिंग सफरीला जाऊन आलो. बोट निवडताना आमच्यात फारसे दुमत झाले नाही. त्या आधीच्या मुक्कामावरून मात्र दिवाळीपासून जेवणाच्या टेबलावर वाद सुरू होते.

आम्ही तिघेही तारकर्लीच्या एमटीडीसीच्या स्कूबा केंद्रात शिकलो. पुढच्या डाइव्ह मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणी बेटावर आणि अंदमानात झाल्या. परंतु सोलापूरकराला समुद्र गाठायचा तर एक अख्खी रात्र प्रवासात जाते. त्यामुळे दोन डाइव्हमध्ये महिनेच्या महिने उलटतात आणि मधल्या काळात शहरातल्या जलतरण तलावात मास्क लावून बुडण्याची हौस भागवावी लागते. बोटीआधीच्या मुक्कामाचा प्रश्न आम्हाला इतका महत्त्वाचा वाटला तो यामुळेच. किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाला तो कदाचित पडणारही नाही.

भावाचे म्हणणे असे, की एवढे जातोच आहोत तर एक रात्र तरी पाण्यावरच्या खोल्या असलेल्या एखाद्या रिसॉर्टमध्ये काढावी. भावजयीला माफुशी हवे होते. ते दक्षिण माले अटोलमधले, म्हणजे प्रवाळबेटांच्या कंकणाकृती समूहातले, वस्तीचे बेट असून, २००९-१० च्या सुमारास वस्तीच्या बेटांवर गेस्ट हाऊसना परवानगी मिळाल्यावर झपाट्याने पुढे आले. मला काय हवे होते हे सांगण्याआधी तिथला भूगोल थोडा सांगितला पाहिजे. मालदीवचे आंतरराष्ट्रीय विमानतळ हुलहुले नावाच्या वेगळ्या बेटावर आहे. त्याच्या उत्तरेला समुद्रात भर घालून वसवलेले हुलहुमाले हे बेट रस्त्याने विमानतळाला जोडलेले आहे. दक्षिणेकडे राजधानी माले आहे आणि २०१८ मध्ये खुल्या झालेल्या सिनामाले पुलावरून तिथेही गाडीने जाता येते. बहुतेक सफारी बोटी हुलहुमालेच्याच आडोशाला नांगर टाकून उभ्या असतात आणि प्रवाशांना दुपारच्या सुमारास विमानतळाच्या धक्क्यावरून उचलतात. मुंबईचे आमचे विमान उतरणार होते दुपार टळल्यावर. म्हणजे त्याच दिवशी विमानातून उतरून बोटीत बसणे आम्हाला शक्य नव्हते आणि शक्य असते तरी मी ते करू दिले नसते, कारण विमानाला उशीर झाला तर बोट एका कुटुंबासाठी आठवडा थांबत नाही.

रिसॉर्टचा हिशेब कागदावर मांडल्याबरोबर भावाने माघार घेतली. खोलीच्या भाड्याखेरीज जाण्यायेण्याच्या स्पीडबोटीचे पैसे वेगळे, आणि लांबच्या रिसॉर्टसाठी लागणारी सी-प्लेन फक्त दिवसाउजेडी उडतात; संध्याकाळी उतरलेल्या प्रवाशाला ती मिळत नाहीत. एका रात्रीसाठी हा खटाटोप कुणी करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. माफुशीचा पर्याय स्वस्त आणि रंजक होता. परंतु आमची बोट रविवारी निघणार होती आणि शुक्रवारी, म्हणजे तिथल्या सुट्टीच्या दिवशी, सरकारी फेरी चालत नाही. स्पीडबोटी असतात, पण त्यांच्या वेळा जुम्म्याच्या नमाजाभोवती फिरतात. शेवटी सगळ्या रात्री हुलहुमालेतच काढायच्या असे ठरले. भावजय म्हणाली, "ताई, म्हणजे मालदीवला जाऊन आपण विमानतळाशेजारी राहायचं?" तिच्या आवाजातला हिरमोड मला ऐकू आला होता, पण मी ऐकले नाही.

गुरुवार : उतरणे

बुधवारी रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेस, सकाळी मुंबई, तिथून विमान. यात सांगण्यासारखे एवढेच, की वातानुकूलित डब्यात रात्रभर थेट अंगावर वारा घेऊन भावजयीचे नाक चोंदले आणि तिने ते कुणाला सांगितले नाही.

मालदीवला भारतीयांना उतरल्यावर विनाशुल्क व्हिसा मिळतो. मात्र विमानाच्या आधीच्या ९६ तासांत 'इमुगा' या सरकारी संकेतस्थळावर प्रवासाची माहिती भरावी लागते. तेही फुकट आहे, त्यामुळे पैसे मागणाऱ्या संकेतस्थळांच्या नादी लागू नये. राहण्याचे आरक्षण विचारले तर पहिल्या रात्रीचा मुक्काम आणि बोट अशा दोन्हींचे कागद दाखवावेत. बाहेर पडताना प्रत्येक बॅग क्ष-किरण यंत्रातून जाते आणि दारू सापडली तर ती पावती देऊन ठेवून घेतात व परतताना देतात. आमच्या बॅगेत सापडली ती शेंगदाण्याच्या चटणीची बरणी. अधिकाऱ्याने झाकण उघडून वास घेतला, पुन्हा एकदा घेतला आणि "फिश?" असे विचारले. नाही म्हटल्यावर त्याचा थोडा अपेक्षाभंग झालेला दिसला.

टॅक्सीने काही मिनिटांत आम्ही हुलहुमालेच्या पूर्व किनाऱ्यामागच्या एका गल्लीत पोहोचलो. गेस्ट हाऊस समुद्रासमोर नव्हते. समुद्रासमोरच्या खोलीचे जादा पैसे आम्ही मुद्दामच दिले नव्हते, कारण पुढचा आठवडाभर समुद्राखेरीज दुसरे काही दिसणारच नव्हते. हे घर मी निवडले ते त्याच्या गच्चीचे छायाचित्र पाहून. गच्चीवर गोड्या पाण्याचे निळे पिंप, त्याशेजारी नळ, आणि आडव्या बांधलेल्या दोरीवर रुंद खांद्यांच्या हँगरांना टांगलेले वेटसूट, असे ते छायाचित्र होते. ज्या घरात डायव्हर येतात त्या घरातल्या लोकांना पहाटे पाचला चहा का लागतो, ओले सामान कुठे वाळवायचे आणि आठवडाभर मोठी बॅग कुठे ठेवायची, हे सांगावे लागत नाही. शेवटचा मुद्दा विशेष लक्षात ठेवावा. बोटीवरच्या केबिनमध्ये कडक सुटकेस ठेवायला जागा नसते, म्हणून ती मुक्कामाच्या घरीच सोडून मऊ पिशवी घेऊन बोटीवर जाणे उत्तम.

घर चालवणारे नवरा-बायको साधारण आमच्याच वयाचे होते. हिंदी चित्रपटांच्या कृपेने बाईंना हिंदी चांगले येत होते. भावजय पक्की शाकाहारी आहे हे मी आधीच कळवले होते. मालदीवच्या स्वयंपाकात ट्यूना इतका मुरलेला असतो, की भाजीच्या नावाखाली आलेल्या वाटीतही तो निघतो. म्हणून शाकाहारी माणसाने हॉटेलच्या यादीवर विसंबण्यापेक्षा जिथे स्वयंपाकघरात जाऊन बोलता येईल असे घर निवडावे. त्या रात्री भावजयीला नारळाच्या दुधातली भोपळ्याची आमटी, मुगाचे वरण आणि रोशी मिळाली. रोशी म्हणजे आपल्या पातळ पोळीसारखाच प्रकार. आम्हा दोघांना गरुधिया, म्हणजे ट्यूनाचे निवळ पाणीदार सार, भात, लिंबू, कांदा आणि मिरची.

शुक्रवार : बंद दुकाने आणि उघडा बाजार

शुक्रवारी सकाळी हुलहुमालेच्या रस्त्यांवर चिटपाखरू नव्हते. हे सगळे गाव १९९७ पासून समुद्रात वाळू टाकून उभे केले गेले आणि २००४ पासून लोक इथे राहू लागले. त्यामुळे रस्ते सरळ, झाडे एका उंचीची आणि इमारतींना आखीव क्रमांक. सौंदर्य म्हणावे असे त्यात फार नाही. किनारा मात्र खरा आहे आणि गावकऱ्यांचा आहे, त्यामुळे तिथे खांदे-गुडघे झाकणारे कपडे घालूनच फिरावे. पोहण्याच्या कपड्यांत वावरण्याची मुभा वस्तीच्या बेटांवर ठरवून दिलेल्या जागीच असते.

न्याहारीला मस हुनी होती. बाई ती समोरच करत होत्या. लाकडी बैठकीला पुढे लोखंडी दातेरी जीभ लावलेली त्यांची खवणी आपल्या कोकणातल्या घरांत सहज खपून जाईल अशी होती. तिच्यावर बसून त्यांनी अर्धी वाटी नारळ खवला, बारीक चिरलेला कांदा आणि मिरची मिठासह हाताने चुरली, लिंबू पिळले आणि शेवटी शिजवलेला ट्यूना कुस्करून घातला. भावजयीसाठी ट्यूना घालण्याआधीच एक वाटी बाजूला काढली गेली. त्या वाटीत तिने चमचाभर शेंगदाण्याची चटणी मिसळली आणि ते मिश्रण इतके जमले, की बाईंनी स्वतःच्या वाटीतही थोडी चटणी मागून घेतली. मस हुनीत चटणी घातल्याबद्दल यजमानांनी मात्र नापसंती दर्शवली आणि ते शेवटपर्यंत आपल्या मतावर ठाम राहिले.

दुपारी नमाज संपल्यावर बसने मालेला गेलो. सुमारे दोन चौरस किलोमीटरच्या बेटावर एवढी दाटी असते, की सोलापूरच्या नव्या पेठेतून दिवाळीच्या आदल्या दिवशी चाललेल्या माणसालाही मोटारसायकलींच्या रांगा पाहून थबकावे लागते. १६५८ मध्ये बांधलेली हुकुरू मिस्की ही जुनी मशीद आम्ही बाहेरून पाहिली. तिच्या भिंती प्रवाळाचे दगड एकमेकांत खाचेने बसवून रचल्या आहेत आणि त्यांवरचे कोरीवकाम जवळून पाहिल्यावर लाकडातलेच वाटते. राहायला मात्र माले नको, हे तासाभरात तिघांनाही पटले. खोल्या लहान, गोंगाट फार आणि डायव्हिंगचे सामान घेऊन त्या गल्ल्यांतून चालणे अवघड.

चारच्या सुमारास मासळीबाजारात होडी लागली. मालदीवमध्ये ट्यूना प्रामुख्याने गळाने, एकेक करून पकडतात. फरसबंदीवर मासे ओळीने मांडले गेले आणि आतल्या ओट्यावर एका प्रौढ कापणाऱ्याने मोठा ट्यूना पुढ्यात घेतला. त्याने कल्ल्यामागे सुरी घातली, पाठीच्या काट्यालगत ती शेपटीपर्यंत ओढत नेली, मासा उलटवून तेच केले आणि चार लांबट तुकडे व एक सांगाडा असे ओट्यावर वेगळे झाले. बोलता बोलता त्याचे काम संपले होते आणि बोलणे अजून चालूच होते. भावजय बाहेर भाज्यांच्या बाजारात केळ्यांचे घड पाहत उभी राहिली.

मालेत मला सर्वांत जास्त कुतूहल होते ते पाण्याचे. उजनी धरणातून शंभर किलोमीटरहून लांब जलवाहिनीने येणारे पाणी काही दिवसांआड मिळण्याची सवय असलेल्या माणसाला, नदी नाही, तलाव नाही, धरण नाही अशा शहरात नळ सोडला की पाणी येते याचे आश्चर्य वाटणारच. ते सगळे समुद्राचे पाणी गोडे करून मिळवलेले असते. डिसेंबर २०१४ मध्ये तिथल्या प्रकल्पाला आग लागून राजधानीचे पाणी तुटले, तेव्हा भारताने विमानांनी आणि नौदलाच्या जहाजांनी पाणी पाठवले होते. आमच्या यजमानांना तो आठवडा नीट आठवत होता. सोलापुरात आम्ही पाण्याचा दिवस कॅलेंडरवर खूण करून ठेवतो हे ऐकल्यावर त्यांनी, "धरण असूनही?" असा प्रश्न विचारला आणि त्यावर आम्हा तिघांपैकी कुणालाच पटकन उत्तर सुचले नाही.

शनिवार : उजळणी

हुलहुमालेत राहण्याचे माझे खरे कारण शनिवारी कामी आले. घरापासून चालत जाता येईल अशा डाइव्ह सेंटरमध्ये आम्ही उजळणीच्या डाइव्हची वेळ घेतली होती. बोटीवरची पहिली डाइव्ह ही पारख करण्यासाठी असते. तिथे प्रशिक्षक तुमच्याकडे पाहून गट पाडतात, आणि बहुतेक बोटी साधारण पन्नास डाइव्हचा अनुभव मागतात तो प्रवाहांमुळे. महिनोन्महिने पाण्यात न उतरलेल्या माणसाने थेट तिथे जाऊन धडपडू नये. शिवाय तलावातला सराव वजनाच्या बाबतीत फसवा ठरतो. खारे पाणी जड असल्यामुळे ते माणसाला अधिक उचलून धरते आणि तलावात पुरणाऱ्या शिशाच्या वजनात समुद्रासाठी दोन-एक किलोंची भर घालावी लागते. नेमकी किती, हे तोंडी गणिताने कळत नाही. पाण्यात उभे राहूनच कळते. ॲल्युमिनियमची टाकी रिकामी होत आली की हलकी होते, म्हणून ही तपासणी डाइव्हच्या शेवटीही करावी, असे तिथल्या प्रशिक्षकाने सांगितले व करूनही घेतले.

निघताना भावजयीने कान दुखत असल्याचे कबूल केले. नाक दाबून हळूच फुंकले तरी डावा कान उघडत नव्हता. भावाने नाक मोकळे करणारी गोळी पुढे केली, पण प्रशिक्षकाने त्याला थांबवले. गोळीचा परिणाम पाण्याखाली ओसरला तर वर येताना हवा आतच अडकते आणि कानाला इजा होते. चोंदलेल्या कानाने उतरूच नये, हा त्यावरचा साधा नियम. ती किनाऱ्यावर थांबली. आम्ही दोघे उतरलो, मास्कमध्ये पाणी घेऊन काढले, टाकीतली हवा पुरवणारा तोंडातला रेग्युलेटर सोडून पुन्हा धरला आणि वजन ठरवले. भावाच्या मास्कचा पट्टा तिथेच तुटला. घरी तो धडधाकट दिसत होता, पण रबर मे महिन्याच्या उन्हाळ्यात माळ्यावर ठेवल्यावर असेच होते. सेंटरमध्ये नवा पट्टा मिळाला. बोटीवर तो मिळेल याची खात्री नसते.

त्या दिवशी भावजयीने काही केले नाही. बाईंनी पातेलेभर पाणी उकळून दिले, तिने दोनदा वाफ घेतली, भरपूर पाणी प्यायली आणि दुपारभर झोपली. प्रवासात अंगातले पाणी कमी होते व ते कमी असताना डाइव्ह करणे डीकम्प्रेशनच्या, म्हणजे वर येताना शरीरात वायूचे बुडबुडे होण्याच्या, दृष्टीने धोक्याचे असते, हे पुस्तकात आम्ही वाचले होते. पण प्रवास आणि डाइव्ह यांच्यामध्ये एक मोकळा दिवस टाकल्याशिवाय ते ज्ञान उपयोगी पडत नाही. बोट लागण्याच्या गोळीचा प्रयोगही याच दिवशी करून पाहावा. मला एका गोळीने इतकी गुंगी आली, की संध्याकाळच्या हेधिका मला अर्धवटच आठवतात. हेधिका म्हणजे काळ्या चहाबरोबर खायचे तळणीचे पदार्थ. त्यांतला बजिया हा ट्यूना भरलेला समोसा होता एवढे मात्र नक्की. बोटीसाठी दुसरी गोळी विकत घेतली.

पैशांचे थोडे. २०२५ च्या जानेवारीपासून मालदीवमध्ये हरित कर वाढला आहे. वस्तीच्या बेटांवरच्या पन्नास किंवा त्याहून कमी खोल्यांच्या गेस्ट हाऊसमध्ये तो माणशी रोज ६ डॉलर आणि सफारी बोटीवर १२ डॉलर आहे. जुलै २०२५ पासून पर्यटनावरचा जीएसटीही १७ टक्के झाला. दर ठरवताना हे धरून आहेत की वेगळे, हे लेखी विचारून घ्यावे. गेस्ट हाऊसच्या दरात ते वेगळे होते, बोटीच्या दरात धरलेले होते.

रविवार : धक्का

सकाळी भावजयीचा कान उघडला. नाक दाबून फुंकल्यावर दोन्ही बाजूंना 'टक' आवाज आला हे तिने नाश्त्याच्या टेबलावर सर्वांना ऐकवले, जणू तो आवाज आम्हालाही ऐकू येणार होता. साडेदहाला बोटीवरून निरोप आला, की विमानतळाच्या धक्क्याऐवजी हुलहुमालेच्याच धक्क्यावर या. आम्ही पिशव्या घेऊन टॅक्सीत बसलो आणि सांगितलेल्या वेळेआधी पोहोचलो.

बोट मात्र दुपार टळेपर्यंत हलली नाही. पुण्याचे एक जोडपे यायचे होते. ते बोटीआधी दक्षिण आरी अटोलमधल्या दिगुरा बेटावर राहिले होते आणि सकाळच्या स्पीडबोटीने परतत होते. आरी आणि दक्षिण माले या अटोलांमधला समुद्र उघडा आहे. जानेवारीत हवा कोरडी असली तरी ईशान्येचा वारा कधी कधी जोर धरतो आणि त्या दिवशी त्याने धरला होता. दोघे आले तेव्हा काकूंचा चेहरा पांढरा पडला होता आणि काका धक्क्यावरच सामानावर बसून राहिले. कप्तानाने त्यांना काही बोलून दाखवले नाही, पण पारखीची डाइव्ह उजेड उतरताना, घाईघाईत झाली आणि काकू तिला मुकल्या. भावजयीने माझ्याकडे पाहिले. विमानतळाशेजारी राहण्याबद्दलची तिची तक्रार त्यानंतर पुन्हा निघाली नाही.

बोटीवर

या आठवड्याबद्दल लिहायला बसले तर वेगळा लेख होईल, म्हणून थोडक्यात. टाक्या व कॉम्प्रेसर असलेली लाकडी डोणी सफारी बोटीच्या मागोमाग चालते आणि डाइव्ह तिच्यावरूनच होतात. ईशान्य मोसमात प्रवाह पूर्वेकडून अटोलांत शिरतात, त्यामुळे पूर्वेच्या खिंडींत, म्हणजे तिथल्या 'कांडूं'मध्ये, पाणी स्वच्छ असते आणि शार्क तिथे जमतात. वाव्हू अटोलच्या फोत्तेयो कांडूत आम्ही मृत खडकाला हुक अडकवून, प्रवाहात झेंड्यासारखे फडफडत, समोर संथ उभ्या असलेल्या ग्रे रीफ शार्कांकडे पाहत राहिलो. अलिमथाच्या रात्रीच्या डाइव्हमध्ये नर्स शार्क इतके जवळून गेले, की एकाची शेपटी भावाच्या टाकीवर आपटल्याचा आवाज मला ऐकू आला. फेस्डूच्या लगूनमध्ये, म्हणजे खडकाने वेढलेल्या शांत पाण्यात, बोटीच्या मागच्या दिव्यांखाली प्लवक जमले आणि ते खायला मांटा रे ही रुंद, चपटी मासळी आली; ती आमच्या डोक्यावर वळून पोट दाखवत पुन्हा पुन्हा उजेडात शिरत होती. खोलीची कायदेशीर मर्यादा ३० मीटर आहे आणि आमच्या बोटीवर ती कटाक्षाने पाळली गेली.

दक्षिण आरीत व्हेल शार्कचे संरक्षित क्षेत्र आहे, २००९ मध्ये घोषित झालेले. वर्षभर तिथे व्हेल शार्क दिसतात असे सांगतात आणि ते खरेच आहे. आमच्या कप्तानाने दोन सकाळी डोणी खडकाच्या कडेने हळूहळू फिरवली, सगळे टपावर चढून काळी सावली शोधत होते, पण आम्हाला काही तो दिसला नाही. तेव्हा पुण्याच्या काकांनी जेवणघरात मोबाईल काढला. दिगुराहून निघण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी स्नॉर्कल, म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागावरून श्वास घेण्याची नळी, लावून व्हेल शार्कबरोबर बराच वेळ पोहून घेतले होते; चित्रफितीत त्याच्या पाठीवरचे पांढरे ठिपके एकेक मोजता येत होते. त्यांच्या मुक्कामाच्या निवडीला नावे ठेवण्याचा आमचा हक्क तिथेच संपला.

तरीही माझे मत बदलले नाही, थोडे सुधारले. व्हेल शार्क पाहायला टाकी लागत नाही, स्नॉर्कल पुरते. शेवटच्या डाइव्हनंतर विमानात बसण्यापूर्वी निदान १८ तास जाऊ द्यावे लागतात, पण स्नॉर्कलिंगला ती अट नाही. म्हणजे लांबच्या बेटावरचा मुक्काम बोटीच्या नंतर ठेवला, तर वाऱ्याने स्पीडबोट अडली तरी पारखीची डाइव्ह बुडत नाही; विमानाआधी एक रात्र हातची राखली की झाले. बोटीआधी मात्र धक्क्याजवळ राहावे, जवळ डाइव्ह सेंटर असावे आणि स्वयंपाकघराशी आपले बोलणे असावे. काकांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, "नंतर राहिलो असतो तर कदाचित तेव्हा नसता दिसला." याला उत्तर नाही.

परतीचा रविवार

शेवटची डाइव्ह शनिवारी सकाळी होऊन बोट हुलहुमालेला परत आली आणि शेवटची रात्र नांगरलेल्या बोटीवरच गेली, त्यामुळे विमानाआधीचे तास आपोआप भरले. रविवारी सकाळी सुटकेस घ्यायला गेस्ट हाऊसवर गेलो तर यजमानांनी गच्चीवरचे पिंप आमच्यासाठी ताज्या पाण्याने भरून ठेवले होते. रेग्युलेटर, मास्क आणि डाइव्ह कॉम्प्युटर खळबळून, वाऱ्यावर जमतील तेवढे सुकवून भरले. वेटसूट ओलाच प्लास्टिकमध्ये गुंडाळावा लागला. सोलापूरच्या उन्हात तो सुकायला अर्धा दिवसही लागला नाही. उरलेली चटणी बाईंना दिली.

भावाने पुढच्या वर्षाची आखणी विमानातच सुरू केली. त्याला आता दूर दक्षिणेच्या अटोलांची सफर हवी आहे. त्या बोटी गन किंवा कूद्दूहून सुटतात. तिथवर देशांतर्गत विमानाने जावे लागते आणि त्यात सामानाची मर्यादा कडक असते, म्हणजे हुलहुमालेची रात्र तेव्हाही चुकणार नाही. भावजयीला आधी दिगुरा हवे आहे, अर्थात बोटीनंतर. तिने गेस्ट हाऊसच्या बाईंना निरोप पाठवून तिथल्या स्वयंपाकाची चौकशीही करून ठेवली आहे. भोपळा मिळतो, मूग मिळतात, पण कोथिंबीर मालेच्या बाजारातून बरोबर न्यावी लागेल, असे उत्तर आले आहे.